ओकाकुरा काकुझो: याला इतिहासकार म्हणायचं की चळवळ्या?

चहाटळ:
मंडळी, जपानी कलेतलं कळणारं कुणी इथे असेल तर जरा मदत करा. ओकाकुराचं 'द बुक ऑफ टी' वाचून काढलं, छोटंसंच आहे, १९०६ सालचं. चहाच्या नावाखाली माणूस ताओ, झेन, फुलं, बांधकाम, चित्रं सगळ्यावर बोलून घेतो आणि मध्येमध्ये पाश्चात्त्यांना असे चिमटे काढतो की मजा येते. मग म्हटलं हा होता तरी कोण ते बघू, तर तिथून पुढे डोकंच चक्रावलं राव.

कुठे लिहिलंय की जपानमध्ये कलेचा इतिहास हा विषयच यानं उभा केला. कुठे लिहिलंय आर्ट स्कूलचा प्राचार्य होता आणि १८९८ ला तिथून बाहेर पडावं लागलं. मग हा कलकत्त्यात काय करतोय, विवेकानंदांबरोबर बुद्धगयेला काय जातोय, तिथून बॉस्टनच्या म्युझियममध्ये कसा काय पोचतोय, आणि १९१३ ला पन्नाशीत गेलासुद्धा. वर 'आशिया एक आहे' हे त्याचं वाक्य पुढे महायुद्धात जपानी प्रचारात वापरलं गेलं म्हणे. तर माझा प्रश्न साधा आहे, या सगळ्यात इतिहासकार म्हणून त्यानं नेमकं केलं काय? ग्रंथ कुठला, संशोधन कुठलं? की नुसताच फर्डं इंग्रजी लिहिणारा, समोरच्याला भारून टाकणारा माणूस आणि बाकीचं नंतरच्यांनी चिकटवलंय?

गाभारा:
छान धागा. पण ग्रंथ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, आधी काळ बघा.

जन्म योकोहामाचा, १८६२ च्या डिसेंबरातला (आताच्या कॅलेंडरनं १८६३ चा फेब्रुवारी, म्हणून दोन्ही सालं दिसतात). वडील फुकुई संस्थानचे सामुराई, पण संस्थानच्या वतीनं योकोहामात रेशमाची पेढी सांभाळायचे. गिऱ्हाईक परदेशी, त्यामुळे पोरगा लहानपणीच मिशनऱ्यांकडे इंग्रजी शिकला. गोष्ट अशी सांगतात की एकदा वडिलांनी रस्त्यातली पाटी वाचायला सांगितली तर याला जपानीच वाचता येईना, मग वडिलांनी धसका घेऊन त्याला चिनी अभिजात ग्रंथ शिकायला थेट बौद्ध मठात ठेवलं. तोक्यो विद्यापीठातून १८८० ला पदवी. तिथलाही एक किस्सा आहे, प्रबंध राज्यव्यवस्थेवर लिहिलेला, तो बायकोनं भांडणात जाळला म्हणून पंधरा दिवसांत घाईघाईनं कलेवर दुसरा लिहून दिला. खरंखोटं देव जाणे.

विद्यापीठात त्याला फेनोलोसा भेटला. हार्वर्डचा, १८७८ ला तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकवायला आलेला पंचविशीचा अमेरिकन, तो जुन्या जपानी चित्रांच्या नादी लागला आणि ओकाकुरा त्याचा दुभाषा. आता त्या वेळी देशात काय चाललं होतं ते बघा. १८६८ नंतर नव्या सरकारनं शिंतो (जपानचा मूळचा देवधर्म) आणि बौद्ध वेगळे काढले, त्याचा फायदा घेऊन ठिकठिकाणी लोकांनी मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले, मग देवळांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, भिक्षूंचे खायचे वांधे, जुनी सरदार घराणी बुडालेली, त्यामुळे हाताला लागेल ते विकायला काढलेलं. आणि घेणारे बरेचसे परदेशी. अशा वेळी शिक्षण खात्यातला हा विशीतला पोरगा फेनोलोसाबरोबर नारा-क्योतोची देवळं पालथी घालत फिरत होता.

नाऱ्याजवळच्या होर्यूजी या जुन्या बौद्ध देवळाची हकीकत तर ऐकाच. तिथे युमेदोनो नावाची अष्टकोनी वास्तू आहे, आतली गुझे कान्नोनची (करुणेच्या बोधिसत्त्वाची) मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या कुणाला दाखवलेली नाही, भिक्षूंनी स्वतःसुद्धा बघितलेली नाही. हे सरकारी कागद घेऊन हजर (फेनोलोसानं साल १८८४ दिलंय). भिक्षू काही केल्या तयार होईनात, उघडलं तर भूकंप होऊन देऊळ कोसळेल म्हणून. बरीच हुज्जत घातल्यावर एकदाची गंजलेल्या कुलपात किल्ली फिरली. आत एक उंच आकार, कापडाच्या पट्ट्यांनी गच्च गुंडाळलेला, फेनोलोसाच्या अंदाजानं सुमारे ५०० वार कापड, ते सोडवताना नाकातोंडात धूळ, आणि शेवटी बाहेर आली सातव्या शतकातली पुरुषभर उंचीची लाकडी मूर्ती, इतकी वर्षं अंधारात राहिल्यामुळे सोन्याचा वर्ख बराचसा शाबूत.

पण हा झाला किस्सा. इतिहासकाराचं काम म्हणाल तर ते नंतरचं. १८८८ पासून सरकारनं देशभरच्या देवळांतल्या आणि घराण्यांतल्या वस्तूंची पाहणी काढली, दहाएक वर्षांत दोन लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या, प्रत्येकीचा दर्जा ठरवला गेला, आणि त्यात हा पुढे होता. त्यातूनच १८९७ चा जुनी देवळं वाचवण्याचा कायदा आला. १८८९ ला त्यानं ताकाहाशी केन्झोबरोबर 'कोक्का' हे कलेचं मासिक काढलं, अस्सल फोटो आणि रंगीत ठसे छापणारं, ते आजही चालू आहे. आणि १८९० पासून तोक्योच्या आर्ट स्कूलमध्ये जपानी कलेचा सलग इतिहास शिकवला. जपानी माणसानं असा अख्खा इतिहास रांगेत लावून वर्गात शिकवायची ही पहिलीच वेळ मानतात. ती व्याख्यानं त्यानं स्वतः छापली नाहीत, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून त्याच्या मागे छापली गेली.

दुसरी_बाजू:
गाभारा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण जरा भक्तिभावाकडे झुकतोय असं वाटलं.

'रांगेत लावला' म्हणताय ना, ती रांग कुणी आणि कशासाठी लावली ते पण विचारा की. सरकारला परदेशात दाखवायला एक सुबक इतिहास हवा होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जपाननं फिनिक्स हॉलची इमारत उभी केली तिची इंग्रजी पुस्तिका ओकाकुराची. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी सरकारी कलेतिहास फ्रेंचमध्ये छापला त्याचं काम त्याच्याच हाताखाली सुरू झालेलं, पूर्ण दुसऱ्यांनी केलं कारण मधल्या काळात हा पदावरून गेला. म्हणजे या विषयाचा जन्मच मुळी प्रदर्शनाच्या मांडवात झालाय. सांगाडा पण उसना, फेनोलोसा हेगेल शिकवायचा, आणि १९०३ च्या 'आयडियल्स ऑफ द ईस्ट'मध्ये ओकाकुरानं हेगेलचाच जिना वापरलाय, आधी द्रव्याचा वरचष्मा, मग दोघांचा मेळ, मग आत्म्याचा विजय. आशिया एक आहे हे सिद्ध करायला जर्मन हत्यार!

त्याच पुस्तकात जपान म्हणजे आशियाई संस्कृतीचं संग्रहालय असं म्हणून ठेवलंय. वाचायला गोड वाटतं. पण अर्थ काय होतो, भारत थोर पण भूतकाळात, चीन थोर पण भूतकाळात, आणि दोघांचं सगळं जपून ठेवलंय आणि जिवंत आहे ते फक्त आमच्याकडे. चाळीस वर्षांनी युद्धखोरांना यात काही बदलायचीसुद्धा गरज पडली नाही. १९४२ ला समुद्राकाठच्या इझुराला त्याच्या घराच्या आवारात 'आशिया एक आहे'चा शिलालेख बसवला, अक्षर त्याच्याच चेल्याचं, चित्रकार ताइकानचं.

नोंदवही:
दुसरी_बाजू, १९४२ चं पाप १९१३ ला मेलेल्या माणसाच्या माथी मारणं जरा जास्तच होतंय. आणि तुमच्या बाजूनं बोलणारा पुरावा तुम्ही घेतला, उलटा सोडून दिलात.

१८९३ ला राजघराण्याच्या वस्तुसंग्रहालयाकडून तो चीनला गेला, काही महिने आतल्या भागात हिंडला, लोंगमेनच्या गुहा बघितल्या, बरोबरच्या विद्यार्थ्याकडून फोटो काढून घेतले. परत आल्यावर काय सांगितलं? की चीन नावाची एकजिनसी चीज नाहीच. पीत नदीचा उत्तर चीन आणि यांगत्सेचा दक्षिण चीन ही वेगवेगळी जगं आहेत, माणसं वेगळी, निसर्ग वेगळा, कला वेगळी. हे एखाद्या इतिहासकाराचं वाक्य आहे, स्वतः जाऊन बघितलेल्या माणसाचं. आणि हाच माणूस नऊ-दहा वर्षांनी इंग्रजीत पुस्तक लिहिताना पहिल्याच ओळीत आशिया एक आहे म्हणतो. म्हणजे त्याला फरक दिसत नव्हते असं नाही, ते पुस्तक लिहिताना त्यानं ते बाजूला ठेवले, कारण १९०२ ला कलकत्त्यात बसून, इंग्रजांचं राज्य असलेल्या देशात, इंग्रज वाचकाला सुनवायला लिहीत होता. विवेकानंदांच्या शिष्या निवेदितांनी ते हस्तलिखित तपासलं, प्रस्तावना लिहिली. म्हणून माझं मत, इंग्रजी पुस्तकं ही त्याची वकिली. इतिहास त्याच्या नोंदींत आणि वर्गात आहे.

मी_पण_आलो:
सगळं ठीक पण १८९८ ला झालं काय ते कुणीच सांगेना. ☺

गाभारा:
@मी_पण_आलो, वाटच बघत होतो कुणीतरी हे विचारणार.

दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात. पहिली शाळेची. तोक्यो आर्ट स्कूल १८८९ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी हा प्राचार्य, वय २७. सुरुवातीला तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रकाम शिकवतच नव्हते, जपानी चित्र, लाकडी कोरीवकाम, धातूकाम, लाखकाम एवढंच. गणवेश म्हणून नारा काळातल्या दरबारी झग्यासारखा पोशाख ठरवला आणि हा स्वतः तो घालून घोड्यावरून शाळेत यायचा. पोरांना त्या पोशाखात रस्त्यानं चालायची लाज वाटायची म्हणतात, वाटणारच. तर १८९६ ला कुरोदा सेइकी पॅरिसहून शिकून आलेला, त्याच्या हाताखाली तैलचित्रांचा विभाग उघडावाच लागला आणि शाळेत तट पडले.

दुसरी गोष्ट घरची. कुकी र्‍यूइची हा वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख, बडा अधिकारी, ओकाकुराचा आश्रयदाताच म्हणा. त्याच्या बायकोशी, हात्सुशी, याचं जमलं. १८८७ ला अमेरिकेहून गरोदर हात्सु परत येत होती तेव्हा नवऱ्यानं तिला सोबत म्हणून याच्याच हवाली केलेलं. ते प्रकरण वाढत गेलं, आणि १८९८ ला शाळेत याच्याविरुद्ध निनावी पत्रक फिरलं, सगळी लक्तरं वेशीवर. राजीनामा. त्याच्याबरोबर गाहो, ताइकान वगैरे कितीतरी चित्रकार-शिक्षक बाहेर पडले आणि त्याच वर्षी तोक्योतल्या यानाकात 'निहोन बिजुत्सुइन' ही स्वतःची कलासंस्था काढली. हात्सुचे मात्र हाल झाले, शेवट वेड्यांच्या इस्पितळात. चरित्रांमध्ये तिच्यावर दोन ओळी असतात आणि घोड्यावर दोन पानं, हे मला तरी खटकतं. त्या वेळी पोटात होता तो मुलगा म्हणजे पुढे गाजलेला तत्त्वज्ञ कुकी शूझो, त्यानं मोठेपणी ओकाकुराच्या आठवणी लिहिल्यात, कडवटपणा जवळजवळ नाहीच.

ओला_कागद:
मी इतिहासाचा माणूस नाही, जलरंग करतो, त्यामुळे माझं येणं दुसऱ्या दारानं.

यानाकाच्या संस्थेत ताइकान आणि शुन्सो या चित्रकारांनी ओकाकुराच्या चिथावणीवरून एक प्रकार सुरू केला, बाह्यरेषाच काढायची नाही. जपानी चित्राचा प्राण म्हणजे रेषा, आणि यांनी तीच काढून टाकली, नुसता रंग कोरड्या ब्रशनं पसरवत हवा, धुकं, उजेड दाखवायचा. समीक्षकांनी टर उडवली, धूसर धूसर म्हणून चेष्टेचं नावच पडलं, चित्रं खपेनात. १९०३ ला ओकाकुरानं या दोघांना कलकत्त्याला ठाकुरांकडे (म्हणजे टागोरांच्या घरी) पाठवलं (स्वतः १९०२ चं बरंचसं साल भारतात काढून परतला होता, अजिंठाही बघून आला होता). तिथे त्या घराण्यातले चित्रकार अवनींद्रनाथ ताइकानला काम करताना बघत बसायचे. ताइकान कागद मोठ्या ब्रशनं पाण्यानं ओला करायचा. अवनींद्रनाथांनी पुढची पायरी गाठली, अख्खं चित्रच पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, परत रंग, परत पाणी, असं करत रंग कागदात इतका मुरतो की वर थर असा राहतच नाही. बंगाल शैलीचा वॉश म्हणतो तो हा. १९०५ ची 'भारतमाता' बघा, आकृतीच्या कडा कशा हवेत विरल्यात. जिला आपण पक्की स्वदेशी शैली म्हणतो तिच्यात जपानी पाणी आहे, आणि ते आणणारा हा. चहाटळ, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण नुसता लिहिणारा-बोलणारा म्हणाल तर तेवढाही नव्हता.

नोंदवही:
ओला_कागद, मस्त प्रतिसाद. बॉस्टनचं राहिलंय ते लिहितो, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथे आहे.

फेनोलोसानं जपानमध्ये जमवलेला चित्रसंग्रह १८८६ ला बॉस्टनच्या डॉ. वेल्डना विकला, तो पुढे तिथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला मिळाला. बिगेलो या दुसऱ्या अमेरिकन संग्राहकाचा प्रचंड संग्रह वेगळा. सान्जो राजवाडा जळतानाची ती तेराव्या शतकातली हेइजीची (हेइजीच्या बंडावरची) चित्रगुंडाळी, जिच्यात डावीकडे-उजवीकडे पळणारी माणसं, बैलगाड्या, ज्वाळा असा नुसता कल्लोळ आहे, ती यातूनच बॉस्टनला गेली. १९०४ ला ओकाकुरा तिथे पोचला तेव्हा एवढ्या मालाची धड यादीसुद्धा नव्हती. त्यानं बरोबर लाखकामाचा जाणकार रोक्काकु शिसुइ आणलेला. आणि मग बसून एकेक गुंडाळी उलगडायची, कागद-रेशीम बघायचं, शिक्का बघायचा, सही बघायची, हात कुणाचा वाटतो ते ठरवायचं, अस्सल कुठलं, घराण्यातल्या चेल्याचं कुठलं, नंतरची नक्कल कुठली. हजारो चित्रं. मोठमोठी नावं लावलेली कितीतरी चित्रं त्यानं खाली आणली, आणि ती जमवणारा कोण तर स्वतःचा जुना गुरू! याला मी इतिहासकाराचं काम म्हणतो. १९१० ला तिथल्या चिनी-जपानी विभागाचा प्रमुख झाला, त्याच साली तोक्यो विद्यापीठात पूर्व आशियाई कलेच्या इतिहासावर व्याख्यानंही दिली. वर्षाचा काही काळ बॉस्टन, काही काळ इझुरा असं चालायचं.

एक गोष्ट मात्र मलाही पचत नाही. देशातल्या वस्तू बाहेर जाऊ नयेत म्हणून ज्यानं विशी-तिशी घालवली, तोच बॉस्टनसाठी चीनमध्ये जाऊन खरेदी करत होता, १९१२ लासुद्धा, म्हणजे तिथली राजवट नुकतीच कोसळली होती आणि जो तो विकायला बसला होता तेव्हा. जपानवर १८७०-८० मध्ये जी वेळ आली होती तीच चीनवर आली आणि या वेळी हा घेणाऱ्यांच्या बाजूला होता.

दुसरी_बाजू:
शेवटच्या परिच्छेदाला +१००. आणि तुमचा पहिला परिच्छेदही माझ्याच बाजूनं जातो बघा. अस्सल-नक्कल ठरवणं, दर्जा देणं, १८९७ च्या कायद्यात राष्ट्राची ठेव म्हणून शिक्का मारणं, हीच तर सत्ता. देवळात पूजेतली मूर्ती होती ती एका नोंदीनं शिल्प झाली. युमेदोनोतल्या भिक्षूंचं म्हणणं कुणी विचारात घेतलं का? त्यांना आपण अडाणी म्हणून हसतो.

गाभारा:
हसत नाही हो. पण नोंद झाली नसती तर त्यातल्या कितीतरी मूर्ती सरपण तरी झाल्या असत्या नाहीतर जहाजावर चढल्या असत्या. आणि गुझे कान्नोन आजही त्याच युमेदोनोत आहे, वसंतात आणि शरदात ठरावीक दिवस दार उघडतात, म्युझियमच्या काचेत नेऊन ठेवलेली नाही.

चहाटळ:
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. म्हणजे माझ्या प्रश्नाचा रोखच बदलायला हवा, पुस्तकं बघून माणूस तोलत होतो. एक सांगा, जपानी लोकांनी तरी ही पुस्तकं तेव्हा वाचली का? आणि आता पुढे काय वाचू? इझुराचं घर अजून आहे का? फिरायला म्हणून विचारतोय, जमलं तर.

नोंदवही:
जपानमध्ये त्याच्या हयातीत ही पुस्तकं फारशी कुणाला माहीत नव्हती, चहाच्या पुस्तकाचं जे घरोघरी गेलं ते जपानी भाषांतर १९२९ चं. त्याच्या नावाचा जो गाजावाजा झाला तो १९३० नंतर, आणि कुठल्या वाऱ्यावर ते दुसरी_बाजू यांनी सांगितलंच आहे. १९०२ ला भारतात लिहून तसंच पडलेलं, इंग्रजांवर आग ओकणारं एक हस्तलिखितसुद्धा तेव्हाच बाहेर काढून छापलं.

पुढे 'आयडियल्स ऑफ द ईस्ट' घ्या, हक्क कधीच संपलेत, फुकट मिळतं. पहिलं प्रकरण वाचून भारावून जाऊ नका आणि चिडूनही सोडू नका, मधली आसुका आणि नारा काळाची (जपानमधल्या बौद्ध कलेच्या सुरुवातीच्या काळाची) प्रकरणं नीट वाचा, तिथे तो मूर्तींसमोर उभा राहिलेला माणूस आहे हे कळतं. होर्यूजीची भित्तिचित्रं आणि अजिंठा यांचा संबंध तिथेच येतो. ती भित्तिचित्रं १९४९ च्या आगीत होरपळली, त्यामुळे आधी त्यांचे जुने फोटो शोधून जवळ ठेवा.

ओला_कागद:
इझुरा इबाराकी प्रांतात समुद्राला लागून आहे. १९०५ ला त्यानं खडकावर स्वतःसाठी षट्कोनी छोटीशी खोली बांधली, रोक्काकुदो, आणि १९०६ ला संस्थेचा चित्रविभागच तिथे हलवला. ताइकान, शुन्सो, कान्झान, बुझान चौघे एकाच खोलीत ओळीनं बसून रंगवतायत असा फोटो आहे, तोक्योत त्यांची टिंगल चाललेली असतानाचा. मूळ रोक्काकुदो २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलं, इबाराकी विद्यापीठाच्या ताब्यात होतं, त्यांनी २०१२ ला परत बांधलं. घर आणि तो १९४२ चा शिलालेख दोन्ही आवारातच. जाल तर शेजारचं कलासंग्रहालय चुकवू नका, ताइकान-शुन्सोची चित्रं छापील पुस्तकात बघून काहीच कळत नाही, कडा सगळ्या मेलेल्या असतात.

मी_पण_आलो:
आणि हात्सुवर कुणी स्वतंत्र धागा काढा की. गाभारा, मनावर घ्या.